खेळांतलें रण आणि शिपायाचा दिवस

छत्रपति संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सुमारें चौदा किलोमीटरांवर चितेगांव लागतें. व्हिडिओकॉन कंपनीचा टीव्ही-संचांचा मोठा कारखाना याच गांवीं होता, आणि देशांतील किती तरी घरांच्या बैठकींत देव्हाऱ्यासारखे मांडलेले संच येथून गेलेले होते. २०१८ सालीं ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईंत सांपडली. पडदे घडविणारें गांव पडदे पाहणारें झालें. परंतु हें आतां कोणत्या गांवाविषयीं म्हणतां येणार नाहीं?

या रस्त्यानें भल्या पहाटे जाण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. थंडींत, धुक्यांत, मालमोटारींच्या दिव्यांच्या झोतांत, रस्त्याच्या कडेनें दहा-वीस तरुण धांवत असतात. पायांत स्वस्तांतले बूट, अंगांत बनियन, आणि वेळ मोजण्यासाठीं एकाच्या हातांत मोबाईल. सोळाशें मीटरांचें अंतर साडेपांच मिनिटांच्या आंत कापलें म्हणजे सैन्यभरतीच्या चांचणींत साठांपैकीं साठ गुण मिळतात; आडव्या दांडीला लोंबकळून दहा वेळां अंग वर ओढलें म्हणजे चाळीस; शिवाय नऊ फुटांचा चर उडी मारून ओलांडावा लागतो. हे आंकडे या मुलांस पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्यांचें तें धांवणें पाहून माझ्या मनांत आदराशिवाय दुसरा भाव कधीं आला नाहीं.

याच मुलांना मीं सायंकाळीं नाक्यावरील चहाच्या टपरीशीं पाहिलें आहे. चौघे खांद्याला खांदा लावून बसलेले असतात, पण एकमेकांकडे पाहत नाहींत. प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आडवा धरलेला असतो आणि दोन्ही अंगठे विजेसारखे चालत असतात. मधूनच एखादा ओरडतो, "मागं हाय, मागं हाय!" दुसरा म्हणतो, "नॉक झालो, रिव्हाइव्ह दे की!" आणि तिसरा म्हणतो, "मेलो रे!" हा मेलेला तरुण पुढच्याच क्षणीं मान वर करून टपरीवाल्याला एक कटिंग सांगतो.

पहाटेचें तें धांवणें आणि सायंकाळचा हा मृत्यु, यांचा परस्परसंबंध काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला सुचला तो ग्रंथ वाचून नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं या बाजूचा माझा एक विद्यार्थी अग्निवीर म्हणून भरती झाला. इंग्रजीच्या तासाला तो शेवटच्या बांकावर बसे आणि बांकाखालीं काय चालतें हें मला ठाऊक असे. पहिल्या रजेवर आला तेव्हां पेढे घेऊन घरीं आला. पाठ ताठ, केस बारीक, बोलणें मोजकें. मीं विचारलें, "काय रे, मनासारखें मिळालें ना?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, गेममधी मी किती लढाया जिंकलो त्याला गणती नाही. तिथं गेलो अन् पयला महिना झाडू मारला, बूट घासले अन् रांगेत उभा राहिलो. बंदूक हातात आली तवा कळलं की ती लई जड असती." आणि निघतांना दारांत थांबून म्हणाला, "सगळ्यात अवघड काय गेलं सांगू का सर? वाट पाहणं."

त्याच्याबरोबर गेलेला दुसरा एक मुलगा प्रशिक्षण अर्ध्यावर टाकून परत आला. ज्याच्या भरतीच्या वेळीं गांवांत फटाके वाजले, त्याच्याविषयीं आतां पारावर हळू आवाजांत बोललें जातें. गांवानें त्याला भित्रा ठरविलें आहे. तो भित्रा होता असें मला वाटत नाहीं. भित्रा मुलगा दोन वर्षें पहाटे चारला उठून धांवत नाहीं. त्याला एक गांव सांगून दुसऱ्याच गांवच्या गाडींत बसविण्यांत आलें होतें. तेथें पोंचल्यावर तो गोंधळला, आणि त्या गोंधळाला आपण भित्रेपणा हें नांव दिलें. तें चुकीचें तिकीट त्याच्या हातीं कोणीं दिलें, याची चौकशी मात्र कोणीं केली नाहीं. ती येथें करावयाची आहे.

या विषयावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत आणि माझ्या मतें दोन्ही चुकलेले आहेत. पहिला पक्ष म्हणतो कीं, हे खेळ मुलांना हिंस्र करतात, सबब ते बंद करावे. बंदीचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. २०२० च्या सप्टेंबरांत भारत सरकारनें एकशें अठरा चिनी संबंध असलेल्या अॅप्सवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाईल' होता. ती बंदी देशाच्या सुरक्षिततेच्या कारणानें होती, मुलांच्या मनाच्या काळजीनें नव्हे. २०२१ सालीं तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नांवानें परत आला. २०२२ च्या जुलैंत तो पुन्हां दुकानांतून काढला गेला. २०२३ च्या मे महिन्यांत पुन्हां आला. बंदीनें खेळाची पाटी बदलली, खेळ नाहीं. आणि हिंस्रपणाविषयीं म्हणावें, तर टपरीवरचीं हीं मुलें डोक्यावर भारा घेतलेल्या म्हातारीला वाट देतात, एकमेकांचे चहाचे पैसे भरतात. त्यांचे हात रक्तासाठीं शिवशिवत आहेत असें मला कधीं दिसलें नाहीं. या पक्षाचें चुकतें तें येथें: खेळ मुलांना वाईट बनवितो कीं नाहीं याची त्याला काळजी, खेळ मुलांना खोटें सांगतो, याकडे त्याचें लक्षच नाहीं.

दुसरा पक्ष याच्या उलट. तो म्हणतो, खेळांनीं शौर्य जागें होतें, तरुण सैन्याकडे वळतात, मग वाईट काय? या पक्षाला मोठमोठे पुरस्कर्ते मिळाले आहेत. अमेरिकेच्या लष्करानें २००२ च्या ४ जुलैला, म्हणजे तेथील स्वातंत्र्यदिनीं, 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ स्वतःच्या खर्चानें काढून फुकट वांटला. हेतु उघड होता: तरुणांनीं सैन्याची ओळख करून घ्यावी आणि भरतीच्या दारापर्यंत यावें. न्यायानें सांगितलें पाहिजे कीं, अशा खेळांत तो बराच प्रामाणिक होता. त्यांत आधीं प्रशिक्षण पुरें करावें लागे. वैद्यकीय मदतनीस व्हावयाचें तर धडा ऐकून परीक्षा द्यावी लागे. आपल्याच माणसावर गोळी झाडली तर खेळाडू तुरुंगाच्या कोठडींत जाऊन पडे. परंतु तेरा वर्षांच्या मुलांसही तो खेळतां यावा म्हणून त्यांत रक्त जवळजवळ दाखविलें जात नसे. ज्या लष्करानें खरें युद्ध पाहिलें होतें, त्यानेंच मुलांसाठीं तें धुऊन-पुसून स्वच्छ केलें. वीस वर्षें हा खेळ चालला आणि २०२२ च्या मे महिन्यांत बंद झाला. त्या वीस वर्षांत इराक आणि अफगाणिस्तान येथून जे शिपाई कृत्रिम पाय घेऊन परतले, त्यांना त्या स्वच्छतेविषयीं काय वाटलें असेल?

आपणही मागें राहिलों नाहीं. २०२० च्या १५ जूनच्या रात्रीं गलवानच्या खोऱ्यांत आपले वीस सैनिक कामीं आले. अंधारांत, हाडें गोठविणाऱ्या नदीच्या कांठीं, दगड आणि दांडके यांनीं झालेली ती झुंज होती. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत 'फौ-जी' या खेळाची घोषणा झाली आणि २०२१ च्या प्रजासत्ताकदिनीं गलवानच्याच पार्श्वभूमीवरचा तो खेळ लोकांच्या हातीं आला. उत्पन्नाचा पांचवा हिस्सा शहीदांच्या कुटुंबांसाठीं असलेल्या 'भारत के वीर' निधीला देण्याचें जाहीर झालें होतें, हें नमूद केलें पाहिजे. पण तारखा पाहाव्या. वीस घरांतून अद्याप वर्षश्राद्धें व्हावयाचीं होतीं, आणि त्या घरांचा शोक इतरांच्या अंगठ्याखालीं करमणूक होऊन आला होता. आपल्या घरीं मयत झालें असतां सुतक फिटण्यापूर्वीं शेजाऱ्यानें त्याचें सोंग काढलें, तर आपण काय म्हणूं? येथें कोणीं कांहींच म्हटलें नाहीं.

आतां खेळ खोटें काय सांगतो तें पाहूं.

पहिलें खोटें काळाविषयीं. पबजीचा एक डाव फार तर अर्ध्या तासाचा. शंभर माणसें विमानांतून एका बेटावर उतरतात आणि अर्ध्या तासांत एक उरतो. शिपायाचा दिवस असा नसतो. तो पहाटे उठतो, पी. टी. करतो, बिछाना घडी घालून ठेवतो, हजेरीला उभा राहतो, लंगरच्या रांगेंत ताट घेऊन थांबतो, परेड करतो, हत्यार पुसतो, पुसलेलें हत्यार पुन्हां पुसतो आणि रात्रीं दोन तास पहाऱ्यावर अंधाराकडे पाहत उभा राहतो. अंधारांतून बहुधा कोणीही येत नाहीं. कोणी येत नाहीं म्हणूनच तो पहारा यशस्वी होतो. या यशाला खेळांत गुण नाहींत, कारण हें यश दाखवितां येत नाहीं.

दुसरें खोटें इच्छेविषयीं. खेळांतील प्रत्येक शिपाई सेनापति असतो. कोठें उतरावें, कोणती बंदूक घ्यावी, केव्हां लपावें आणि केव्हां धांवावें, हें सारें तोच ठरवितो. मनास न आलें तर फोन खिशांत घालून घरीं जातो. सैन्याचा पाया याच्या अगदीं विरुद्ध आहे. तेथें आपण काय घालावें, कोठें उभें राहावें, कोणत्या पायानें पाऊल उचलावें, हें दुसरा ठरवितो. आणि हें शिकण्यांतच पहिले महिने जातात. ज्या मुलानें पांच वर्षें पडद्यावर फक्त हुकूम केले, त्याला पहिला हुकूम ऐकतांना अपमान वाटला तर दोष त्याचा एकट्याचा कसा?

तिसरें खोटें शरीराविषयीं. पडद्यावरच्या माणसाला पायाला फोड येत नाहीं, त्याला जुलाब होत नाहींत, थंडीनें त्याचीं बोटें काळीं पडत नाहींत. सियाचीनवर १९८४ पासून आपलें सैन्य आहे. तेथें शत्रूच्या गोळीपेक्षां हिमानें, उंचीनें आणि हवेनें अधिक माणसें घेतलीं. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील एक तरुण अग्निवीर २०२३ च्या ऑक्टोबरांत सियाचीनवर कर्तव्य करीत असतां गेला. मोहिमेवर असतां प्राण देणारा तो पहिला अग्निवीर. त्याच्या गांवाला पडद्यावरचें युद्ध आणि खरें सैन्य यांतला फरक आतां कोणी समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण असा फरक समजण्यासाठीं गांवाला एवढी किंमत द्यावी लागावी काय?

चौथें आणि सर्वांत मोठें खोटें सोबत्याविषयीं. त्या बेटावर शंभरांतला जो एकटा उरतो तो विजयी. सैन्यांत शंभरांतला एकटा उरला तर त्यास विजय म्हणत नाहींत. ती पलटणीची राखरांगोळी असते. चौघांचा संघ करून खेळतांनाही पडलेल्या गड्याशेजारीं दहाएक सेकंद बसलें कीं तो पुन्हां उठून धांवूं लागतो. १९४५ च्या ९ एप्रिलला इटलींत सेनियो नदीच्या कांठीं मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनीं काय केलें तें या दहा सेकंदांशेजारीं ठेवून पाहावें. त्यांच्या तुकडींतील बहुतेक माणसें पडलीं होतीं. नामदेवांनीं जखमी सोबत्यांना, एकामागून एक अशा दोघांना, खोल पाण्यांतून, उभ्या चढाच्या कांठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून, तोफगोळ्यांच्या आणि मशिनगनच्या माऱ्यांत पलीकडे सुरक्षित नेलें. आणि त्यानंतर परत येऊन शत्रूचीं मशिनगनचीं ठाणीं बंद पाडलीं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यांतल्या त्या शेतकऱ्याच्या मुलाचें पहिलें शौर्य वाहून नेण्याचें होतें, मारण्याचें नंतरचें. माणसाचें ओझें पाठीवर घेण्याचा हा अनुभव कोणता पडदा देणार?

आणि आमच्या मराठवाड्यानें सैन्य पाहिलें तें कोठें? १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हां ढिगाऱ्यांतून प्रेतें काढण्यासाठीं जवान आले. त्या दिवसांतले जवान ज्यांनीं पाहिले, ते अजूनही त्यांच्या फावड्यांविषयीं बोलतात, बंदुकांविषयीं नव्हे. २०१९ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनींही सैन्य पाहिलें तें होड्यांत. फावडें हें हत्यार खेळाच्या शस्त्रागारांत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. युद्धाचा खेळ कांहीं आज निघाला नाहीं. आपलें बुद्धिबळ चतुरंग सेनेचेंच आहे. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच नकाशांवर लढाईचे खेळ मांडले. आणि आपला पोवाडा? त्यांत कोठें फोड आलेले पाय आणि लंगरची रांग असते? डफावर थाप पडली म्हणजे आमच्या आजोबांच्याही मुठी वळत. मग एकट्या मोबाईलच्याच माथीं दोष कां?

याचें उत्तर असें. बुद्धिबळाचा उंट आपण खरा उंट आहों असें म्हणत नाहीं. लांकडाच्या सोंगट्या खेळणाऱ्याला कोणी युद्धाचा अनुभव आला असें समजत नाहीं. आजचा खेळ मात्र गवताचें पातें, बंदुकीचा आवाज, श्वासाची धाप हें सारें हुबेहूब दाखवितो, आणि नेमकें जें महत्त्वाचें तेवढें गाळतो. बाह्य गोष्टींत जितका खरेपणा अधिक, तितकें आंतलें खोटें पचवणें सोपें. पोवाड्याची गोष्ट तर याहून निराळी. कोंढाण्याचा पोवाडा ऐकणारा श्रोता आरंभापासून जाणतो कीं तानाजी परत येणार नाहीं. घरीं मुलाचें लग्न राहिलेलें आहे, आणि बाप गडावर पडला आहे. हें न फिटणारें ऋण हाच त्या गाण्याचा प्राण. पोवाडा मरणाची किंमत श्रोत्याच्या पदरीं बांधून त्याला घरीं पाठवितो. खेळ ती किंमतच रद्द करतो; एक बटन दाबलें कीं तानाजी पुन्हां कड्याखालीं उभा.

पुस्तकांनीं डोकें फिरण्याचा रोगही जुनाच आहे, आणि त्याचें निदान १६०५ सालीं एका शिपायानेंच केलें. सर्व्हांटीस हा १५७१ च्या लेपांटोच्या आरमारी लढाईंत लढला आणि त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. त्याचा डॉन क्विक्झोट वीरकथा वाचून वाचून वीर होण्यास निघतो. पहिल्याच मुक्कामीं खानावळवाला त्याला विचारतो, जवळ पैसे आहेत काय? तो म्हणतो, वीरांनीं पैसे बाळगल्याचें मीं कोठें वाचलें नाहीं. त्यावर खानावळवाला समजावितो कीं, पुस्तकांत लिहिलें नसलें तरी वीर पैसे, धुतलेले सदरे आणि जखमांवरचें मलम बरोबर ठेवीतच असत. एवढी उघड गोष्ट लिहिण्याची लेखकांना गरज वाटली नाहीं, इतकेंच. ज्याचा हात खऱ्या लढाईंत गेला त्याला धुतलेल्या सदऱ्याचें महत्त्व कळत होतें. माझा विद्यार्थी झाडूविषयीं जें म्हणाला तें हेंच.

आतां एक कबुली देणें भाग आहे, नाहीं तर माझाही लेख एक खेळच होईल. चितेगांवचा मुलगा सैन्यांत जातो तो खेळामुळें जात नाहीं. कोरडवाहू शेतीचे तुकडे झाले, कारखान्यांत काम आहे तें ठेकेदाराचें, पदवीला विचारणारा कोणी नाहीं. म्हणून तो धांवतो. २०२२ सालीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणें चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षीं दरमहा तीस हजारांचें वेतन, त्यांतून कांहीं भाग कापून शेवटीं सुमारें पावणेबारा लाखांचा निधि, आणि चौघांपैकीं फार तर एकास कायम जागा, असा हिशेब त्याच्यापुढें आहे. तो हिशेब तो नीट करतो. खेळ त्याला सैन्यापर्यंत नेत नाहीं. पण सैन्य म्हणजे काय हें त्याच्या मनांत खेळच भरतो, कारण तें भरणारें दुसरें कोणीच नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धांत त्या गांवचे शेहेचाळीस शिपाई पडले. लोक त्यास 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. तेथील पोराला शिपायाचा दिवस आजाच्या लंगडण्यांतून आणि आजीच्या पेन्शनच्या रांगेंतून कळतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पलटणींची ती परंपरा येथें तितकी खोल रुजली नाहीं. जेथें आजोबा सांगावयास नाहींत, तेथें मोबाईल सांगतो.

आणि म्हणूनच चार वर्षांची ही नोकरी या खोट्याला अधिक महाग करते. पूर्वीं पंधरा-सतरा वर्षें नोकरी करावयाची असे. भ्रम उतरण्यास आणि मग खरी आवड जडण्यास अवकाश होता. आतां पहिलें वर्ष भ्रम उतरण्यांत गेलें तर उरलीं तीन.

तरीही, वाचकहो, ज्यांची मला सर्वांत अधिक काळजी वाटते ते हे मुलगे नव्हेत. भरती झालेल्याचा भ्रम पहिल्या महिन्यांत उतरतो. त्याला उस्ताद आहे, परेडचें मैदान आहे, झाडू आहे. घरीं राहिलेल्याचा भ्रम कोण उतरवणार? शहरांतील सुखवस्तु घरांतून, ज्यांतला कोणीही सैन्यांत जाणार नाहीं अशा घरांतून, हाच खेळ रात्र-रात्र चालतो. तेथें झाडू कधींच येत नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हां खेळांतल्या चित्रफिती खऱ्या लढाईच्या म्हणून मोबाईलवरून फिरल्या, आणि पदवीधर माणसांनीं त्या खऱ्या मानून एकमेकांना पाठविल्या. युक्रेनच्या युद्धांतही हें झालें होतें. 'आर्मा' नांवाचा खेळ काढणाऱ्या झेक कंपनीला २०२२ सालीं निवेदन काढून, हें आमच्या खेळांतलें आहे, युद्धांतलें नव्हे, असें सांगावें लागलें. खेळवाल्यानें सांगावें कीं हा खेळ आहे, आणि सुशिक्षितानें तें युद्ध म्हणून पाहावें! त्या चार दिवसांत माझ्याही ओळखींतले, घरांत मिरची ठसकली तरी खिडकी उघडणारे गृहस्थ, लढाई इतक्यांत थांबली म्हणून हळहळत होते. डाव अर्ध्यावर मोडला, अशी ती हळहळ होती. युद्धाची मागणी हें लोक करणार, आणि ती पुरी करण्यास चितेगांवचा मुलगा जाणार. हा या खेळाचा खरा तोटा आहे, आणि तो खेळणाऱ्याच्या पदरीं पडत नाहीं.

दोष कोणाचा म्हणून विचाराल, तर मी प्रथम आपल्याकडे, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींकडे बोट दाखवीन. जुन्या मराठीला शिपायाची भूक ठाऊक होती. भाऊसाहेबांच्या बखरींत पानिपतच्या छावणींतली उपासमार आहे. नाना फडणिसांनीं स्वतःच्या वृत्तांतांत, वस्त्रें टाकून, उपाशीं, पायीं आपण कसे निसटलों हें न लाजतां लिहिलें. गोडसे भटजींनीं झांशींतली लूट आणि होरपळ डोळ्यांनीं पाहून नोंदली. मग ही दृष्टि कोठें गेली? १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत मेसोपोटेमियांत कुतच्या वेढ्यांत तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. तेथें आमचे शेतकरी उपासानें आणि स्कर्व्हीसारख्या रोगानें झिजले, आणि शरण गेल्यावर वाळवंटांतून चालविले गेले. त्यांच्या त्या पांच महिन्यांवर मराठींत आपण काय लिहिलें? विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही १९३९ ची कादंबरी श्रेष्ठच आहे. पण तिच्यांत रणांगण नाहीं, जहाज आहे. सेनाधिकाऱ्यांचीं आत्मचरित्रें आपल्याकडे आहेत. हवालदाराचें, नायकाचें, साध्या शिपायाचें आत्मवृत्त हाताच्या बोटांवर मोजण्याइतकें. शिपायाचा दिवस आपण लिहिला नाहीं. ती जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेंत 'रणांगण' याच अर्थाचें इंग्रजी नांव घेऊन एक खेळ येऊन बसला. त्याला हुसकावण्याची भाषा करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

म्हणून माझी मागणी बंदीची नाहीं. ती अगदीं साधी आणि थोडी कष्टाची आहे. संभाजीनगरांत छावणी आहे, भरतीचें कार्यालय आहे, १९७७ पासून मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठीं तयार करणारी शासनाची संस्था आहे. प्रत्येक तालुक्यांत निवृत्त जवान आहेत; कोणी बँकेच्या दारावर पहारेकरी आहे, कोणी शेती करतो. महाविद्यालयांनीं त्यांना पंधरा ऑगस्टला हार घालून दोन मिनिटांत खालीं बसवूं नये. त्यांना एक संपूर्ण तास द्यावा आणि विचारावें: पहिल्या महिन्यांत काय केलेंत? रडलांत कां? काय खाल्लेंत? कोणाला उचलून आणलेंत? मराठी विभागांनीं आपल्या विद्यार्थ्यांना वह्या देऊन त्यांच्याकडे पाठवावें. लेखकांनीं भाषणें लिहिण्याऐवजीं त्यांचें बोलणें लिहून घ्यावें. चितेगांवच्या नाक्यावर पहाटे धांवणाऱ्या मुलाच्या हातीं असें एखादें पुस्तक पडलें तर तो धांवणें सोडणार नाहीं. पण आपण कोठें निघालों आहों हें जाणून धांवेल.

परत आलेल्या त्या मुलाला मीं परवां रस्त्यांत पाहिलें. पलीकडे तोंड करून तो पुढें गेला. मी त्याला हांक मारली नाहीं, याची मला लाज वाटते. या सबंध लेखांत ज्या वहीविषयीं लिहिलें आहे, ती घेऊन पहिल्यानें त्याच्याकडेच जावयास पाहिजे होतें. जो तेथून परतला, त्यालाच खेळ आणि सैन्य यांतलें अंतर सर्वांत नीट ठाऊक आहे. आणि गांवांत तोच एक असा आहे कीं ज्याला अद्याप कोणीं कांहीं विचारलेलें नाहीं. येत्या रविवारीं मी जाणार आहें.